म्हाळसाबाईच्या पायांपुरतं गाव

पोरगी बघायला जावं तसा माझा बा त्या वर्षी गावं बघत हिंडला. सकाळी धुतलेलं धोतर नेसायचं, फेटा बांधायचा, बजाजनगरहून एसटी धरायची आणि संध्याकाळी परत येऊन त्या गावाची खोड काढायची. एका गावात गाडीरस्ता भर वस्तीतून गेलेला. दुसऱ्यात किराणा दुकान या टोकाला, तर दळणाची गिरणी त्या टोकाला. तिसऱ्यात सगळं हाताशी होतं, पण देवळाला पायऱ्या इतक्या की बालाच धाप लागली. "एक नकटी, एक तिरळी, एक बुटकी. तुमच्या नशिबी नवरी नाही," असं मी चिडवलं, तर म्हणाला, "तुला हसायला काय जातंय? नांदायचं तिला हाय."

ती म्हणजे माझी माय, म्हाळसाबाई. आम्ही मेंढरांमागे फिरणाऱ्यातले. मी रानातल्या तळावर जन्मले म्हणतात, पण मला त्यातलं काही आठवत नाही. वाळूजला कारखाने आले तेव्हा बानं मेंढरं विकली आणि एका कंपनीत हेल्पर म्हणून लागला. तेव्हापासून बजाजनगर. आधी पत्र्याची खोली, मग दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मायला तो फ्लॅट कधीच मानवला नाही. पायाखाली दुसऱ्याचं छप्पर आहे, तिथं झोप कशी लागायची, असं ती म्हणायची. पण खाली उतरून चालायला तरी मिळायचं. दूध आणायला, दळण टाकायला, कारण नसलं तरी कोपऱ्यापर्यंत.

मग एक दिवस शिफ्ट सुटायच्या वेळेला तिला एका मोटरसायकलनं उडवलं. हाड वाचलं, पण धीर गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माघारी फिरायची. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. पाय सुजायला लागले. आणि त्याच सुमाराला ती विसरायलाही लागली. आधी गॅस, मग नळ, मग माझ्या पोरांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते बानं लक्षात ठेवलं नाही. त्यांचं दुसरं वाक्य मात्र त्यानं पक्कं धरलं. ती काही बोलली तर खोडून काढू नका, हो म्हणा, आणि जमेल तितकं चालवा.

"चालवा म्हणत्यात. कुठं चालवू? ट्रकखाली?" बा म्हणाला.

मी म्हटलं, गारखेड्याला माझ्याकडे या. मी घरीच ब्लाऊज शिवते, दिवसभर लक्ष राहील. तर म्हणे, "तुझ्या दारातून पाय काढला का रिक्षा अंगावर येती." मी म्हटलं, दवाखाने जवळ आहेत. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. "दवाखाना मरायला लागतो, कस्तुरा. चालायला नाय लागत." माझी जीभ काही कमी नाही, सगळी गल्ली साक्ष देईल, पण या माणसापुढे मी हरते.

नव्या गावात गेला की तो काय करायचा, ते मी एकदा सोबत जाऊन पाहिलं. तोंडात तंबाखूचा बार धरायचा आणि मायच्या चालीनं चालायला लागायचं. डावा पाय जरा ओढत, मधेच थांबत, भिंतीला हात टेकत. बार थुंकायच्या आत दुकान आलं पाहिजे, देऊळ आलं पाहिजे, गिरणी आली पाहिजे. नाही आली तर ते गाव बाद. धडधाकट म्हातारा बायकोचं लंगडणं अंगात घेऊन परक्या गावात फिरतोय, आणि पोरं त्याला वाट करून देतायत. मला हसू आलं होतं. घरी आल्यावर मात्र मी मोरीत जाऊन रडले.

शेवटी पाचोड पसंत पडलं. गल्ल्या अरुंद, त्यामुळे गाड्यांना मस्ती करता येत नाही. मारुतीचं देऊळ, किराणा, गिरणी, गोळ्या देणारा डॉक्टर, सगळं एका बारात. आणि हा मुलूख त्यांच्या जुन्या वाटेवरचा. लहानपणी बा इथल्या बाजारात कोकरं विकायला यायचा. चतुराबाई आणि कडूबा या नवराबायकोच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या मिळाल्या. जमिनीवरच्या, दार थेट गल्लीत उघडणाऱ्या.

आता खरं सांगते, मी हरले याचा मला आनंद झाला. मी महिन्यानं गेले तेव्हा माय दारात नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एका बाईशी बोलत उभी होती. तिच्या पायांची सूज उतरली होती. टाचांना भेगा पडल्या होत्या आणि ती मला त्या भेगा कौतुकानं दाखवत होती. गावात कुणी गप्प जाऊ देत नाही. "मावशी, कुठं निघाली?" असं दर दोन घरांनी विचारतात. ती चुकली तरी कुणीतरी हाताला धरून चतुराबाईच्या दारात आणून सोडायचं. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, सगळं गावच तिची राखण करतंय.

"आता बोल," बा म्हणाला. मी काय बोलणार? पोरगी चांगली निघाली म्हटलं.

एक गोष्ट मात्र बजाजनगरपासून चालत आली होती. सकाळी उठल्यावर माय विचारायची, "आज तळ कुठं?" मेंढरवाल्यांची रीत अशी की तळ हलवायचा दिवस आला की पहाटे पुरुष पुढच्या मुक्कामाचं नाव सांगतो. बाई बिऱ्हाड घोड्यावर लादून वाटेनं पुढे जाते, पुरुष मेंढरं चारत रानानं येतो, आणि संध्याकाळी दोघं त्या जागी भेटतात. माय आता त्या काळात उठायची. बा तिला खोडायचा नाही. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं ना? तो आठवेल त्या जुन्या मुक्कामाचं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, "तू हो म्होरं, म्या मेंढरं घेऊन येतो." मग माय एका लुगड्यात दोन भांडी, उशीचा अभ्रा, काय हाताला लागेल ते बांधायची आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसायची. चहा पोटात गेला की सगळं विसरून जायची. दुसऱ्या मजल्यावर या खेळानं कुणाचं काही बिघडलं नाही. बाला तर तो आवडायचा, मला वाटतं. दिवसातून तेवढ्याच वेळी ती त्याला ओळखून बोलायची.

पण पाचोडला दार गल्लीत उघडत होतं. ते त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

बाजाराचा दिवस होता. बानं रोजच्यासारखं नाव सांगितलं आणि चहाला दूध नव्हतं म्हणून बाहेर पडला. बाजारात ओळखीचं कुणी भेटलं, तो तिथंच रेंगाळला. परत आला तर घर रिकामं. गाठोडंही नाही. एरवी गल्लीत दहा जणांनी तिला अडवलं असतं, पण त्या दिवशी गावात गाठोडं घेतलेल्या बायाच बाया होत्या. सगळ्यांना वाटलं, मावशी बाजाराला चालली. कुणीच विचारलं नाही.

चतुराबाईचा फोन आला तशी मी शिवण तशीच टाकून निघाले. पोचले तेव्हा दुपार कलली होती. बा ओट्यावर डोकं धरून बसला होता.

"कोणतं नाव सांगितलं होतं?" मी विचारलं.

"आठवत नाय."

"आठवत नाय म्हणजे? आज सकाळी तुम्हीच सांगितलं ना?"

"रोज एक सांगतो, कस्तुरा. तोंडात येईल ते सांगतो. आज काय बोललो ते नाय ध्यानात." तो कपाळावर मुठी मारून घ्यायला लागला. "तिच्या ध्यानात हाय. तिलाच इचारायला पायजे."

मी त्या क्षणी त्याच्यावर इतकी ओरडले की चतुराबाईनं माझा दंड धरला. विसरायचा आजार मायला. आणि नाव लक्षात ठेवून चालत गेली ती. विसरला तो हा.

कडूबानं पिकअप काढली. बा पुढे बसून एकेक नाव घेत होता आणि कडूबा गाडी वळवत होता. एका मुक्कामावर आता पेट्रोलपंप होता. दुसऱ्यावर मंगल कार्यालय, मांडवाच्या कमानीसह. बा खाली उतरायचा, चारी बाजूंनी बघायचा, जागा हीच का, असं स्वतःला विचारायचा. वाटेत भेटेल त्याला मी हात पसरून विचारत होते. एका मेंढक्यानं सांगितलं, एक म्हातारी गेली खरी, अनवाणी होती, मी हाक मारली तर म्हणाली, मालक मागून येतायत.

दिवस मावळता मावळता ती सापडली. मोसंबीच्या एका बागेच्या कडेला बुजलेली विहीर होती, तिच्याजवळ. जागा झाडून स्वच्छ केली होती. तीन दगड मांडून चूल केली होती, काटक्या रचल्या होत्या, आणि पेटवायला काही नव्हतं म्हणून ती तशीच चुलीपुढे बसली होती. तळपाय फुटून रक्त धुळीत वाळलं होतं. मी धावत जाऊन मिठी मारली, तर तिनं मला बाजूला सारलं.

"मेंढरं कुठंयत?" तिनं बाला विचारलं. "लई उशीर केला. म्या कवाची वाट बघतीय."

"येत्यात मागून," बा म्हणाला.

चूल पेटल्याशिवाय ती उठेना. शेवटी बानं कडूबाकडून काडेपेटी घेतली, खाली बसला आणि त्या रिकाम्या चुलीत जाळ केला. माय समाधानानं बघत राहिली. त्या जाळापुढे ती दोघं इतकी नवराबायको दिसत होती की मला माझं तिथं असणं नको झालं.

रात्री मी तिथंच राहिले. सकाळी मायनं डोळे उघडले आणि विचारलं, "आज तळ कुठं?"

बानं मनाशी ठरवलं असावं. तो म्हणाला, "आज तळ हलायचा नाय."

माय उठून बसली. तिचा चेहराच बदलला. "कोण गेलं?"

मला समजेना. बाला समजलं. पाऊस असो, बाई बाळंत होवो, दिवस आला की तळ हलतोच. तो हलत नाही तो एकाच वेळी, तळावरचं माणूस गेलं तर, राख सावडून होईपर्यंत. इतकी वर्षं कंपनीत काढून तो हे विसरला होता. माय एकेक नाव घ्यायला लागली. सासू का? दीर का? धाकटं पोर का? बा मान हलवत राहिला. मग ती त्याच्याचकडे टक लावून बघत, परक्या माणसाला विचारावं तशा आवाजात म्हणाली, "आमचं मालक गेलं का?"

मी तोंड उघडणार, तोच बानं माझा हात घट्ट दाबला.

"व्हय," तो म्हणाला.

मी आयुष्यात असा आक्रोश ऐकला नाही. चतुराबाई धावत आली. आम्ही धरेपर्यंत मायनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले होते. बांगड्यांच्या काचा गल्लीपर्यंत उडाल्या. कपाळावरचं कुंकू तिनं पदरानं पुसलं. बा भिंतीला टेकून उभा होता आणि स्वतःच्या मरणाचं रडणं ऐकत होता.

"हे काय केलंत?" मी त्याला परसात नेऊन विचारलं.

"आता ती कुणाची वाट बघायला जायची नाय," तो म्हणाला. "काल आपुन पोचलो नसतो तर? थंडीत तशीच बसली असती, कस्तुरा. माझ्या नावानं." मग त्यालाही रडू फुटलं.

मला वाटलं होतं, चहाबरोबर विसरेल. ती विसरलीसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी उठली, काही विचारायला तोंड उघडलं, आणि तिची नजर मोकळ्या मनगटांवर गेली. तिनं हात पदराखाली घेतले. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवण तिच्या डोक्यात राहिली नव्हती, हातावर राहिली होती. तेव्हापासून ती तळ विचारत नाही. दाराबाहेरही पडत नाही. आमच्यात नवरा गेलेली बाई कोपरा धरून बसते, तशी बसते. दाराला कडी घालायची कधी गरजच पडली नाही. देऊळ, किराणा, गिरणी, सगळं आहे तिथंच आहे. पाय पुन्हा सुजलेत.

पुढच्या बाजारी मी हिरव्या बांगड्या घेतल्या. बा म्हणाला, "नगं भरू." मी ऐकलं नाही. मायपुढे बसले, तिचा हात हातात घेतला. तिनं बांगड्यांकडे पाहिलं, बोटांनी जरा फिरवून बघितल्या, आणि हात हळूच मागे घेतला.

"मला नाय लागत बाई आता," ती म्हणाली. "तुझ्याच हातात राहू दे. तुझा मालक हाय न्हवं?"

तेवढ्यात बा तिचा चहा घेऊन आत आला. परका पुरुष घरात आला म्हणून मायनं पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानं कप तिच्याजवळ ठेवला, आणि आपण समोर नसलो तर ती चहा पिईल म्हणून बाहेर जाऊन बसला.