चौथी बुडी

आंबिवलीला नदीकडेच्या आमच्या भातखाचरात आता एक मोठी शेड आहे. शेडमध्ये खोल टाकी आहे, आणि टाकीवर साखळीने टांगलेला एक लोखंडी डबा. आतून तो हेलिकॉप्टरसारखा आहे. सीट, पट्टे, खिडक्या, सगळं. परदेशच्या समुद्रात तेल काढायला जाणारी माणसं इथे पाच दिवस शिकतात. हे शिकल्याचा कागद नसेल तर तिकडच्या कंपन्या बाहेरच्या माणसाला हेलिकॉप्टरमध्ये पाय ठेवू देत नाहीत.

जागा आमची, म्हणून मी रोज दारात खुर्ची टाकून बसायचो. शिकवणारे संदेश सर डोंबिवलीचे. आधी नेव्हीत होते. मला शेठ म्हणायचे.

माझा धनेश वेल्डर. त्याला तिकडे काम लागलं तेव्हा शिकायला आमच्याच शेडमध्ये आला. गावात मी सगळ्यांना सांगितलं, नदीत वाढलेला पोर आहे, त्याला काय बुडवणार हे लोक.

डब्यात सहा जणांना पट्टे बांधून बसवतात आणि डबा पाण्यात सोडतात. अशा चार बुड्या. पहिल्या दोन सरळ, त्या धनेशने हसत केल्या. तिसऱ्या बुडीला डबा पाण्यात उलटा होतो. खाली डोकं, वर पाय, नाकात पाणी. तेव्हा एक हात खिडकीच्या चौकटीला धरून ठेवायचा. डबा फिरायचा थांबला की खिडकी ढकलायची, आणि पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा.

धनेशने आधी पट्टा सोडला. पट्टा सुटला तसा तो आतल्या आत भरकटला. खिडकी एकीकडे, तो दुसरीकडे. टाकीतल्या पाणबुड्याने ओढून बाहेर काढला. परत बसवला, परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग सरांनी थांबवलं. चौथी बुडी झालीच नाही.

मी सरांना म्हटलं, "अहो, पोहणारा माणूस आहे तो."

"म्हणूनच, शेठ," सर म्हणाले. "ज्याला पोहता येत नाही तो मुकाट्याने चौकट धरून बसतो. पोहणारा आधी मोकळा व्हायला बघतो. जमेल त्याला. सोमवारी परत येऊ दे."

"रविवारी विमान आहे त्याचं."

"मग विमान पुढे ढकला."

धनेश टॉवेल गुंडाळून बाकावर बसला होता. त्याचे ओठ निळे पडले होते. माझ्याकडे न बघताच तो घरी गेला. बाहेर चहावाल्याकडे गावची चार माणसं उभी होती. एकजण म्हणाला, "काय पंढरीशेठ, तुमच्याच टाकीत तुमचा पोरगा नापास?" सगळे हसले. मीही हसलो. मग सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, ही जागा कोणाची?"

"तुमची, शेठ."

"मग?"

त्यांनी धनेशचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "शेठ, हा कागद पाण्यात उपयोगाचा नाही," एवढं म्हणाले. आणि सही केली.

येताना मी पेढे घेतले.

पाच महिन्यांनी फोन आला. प्लॅटफॉर्मवर जाताना त्यांचं हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं आणि उलटं झालं. अकरा जण होते. दहा बाहेर आले. धनेश आत सापडला. पट्टा सुटलेला होता. खिडकी त्याच्या पाठीमागे होती.

हे सगळं कंपनीच्या अहवालात होतं. मला अक्षरं साठीनंतर सून जागृतीने शिकवली. अहवालाचं मराठी करून आणलं तेव्हा मी तो बोट ठेवून वाचला. त्यात लिहिलं होतं, मयत कामगाराचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं होतं. त्या ओळीवरून माझं बोट पुढे सरकेना.

वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले. जागृती ओटीवर मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो.

"जागृती, तो पास झाला नव्हता गं. मी करवला."

"माहितीय मला."

"कसं?"

"त्याच दिवशी सांगितलेलं त्यांनी. आले ते कुडकुडतच होते. मी चहा दिला. मला बोलले, सोमवारी परत जातो, आता कळलंय मला कुठे चुकतंय. हात सोडायचाच नाही. एजंटला फोन पण केलेला. तो बोलला, आठ दिवस उशिरा चालेल."

मला वाटलं, आता तिने थांबावं. ती थांबली नाही. तिला ते कधीतरी बोलायचंच होतं.

"मग तुम्ही पेढे घेऊन आलात. आळीभर वाटलेत. रात्री मी त्यांना बोलले, कागद राहू दे, तरी सोमवारी जा. तर बोलले, आता कसा जाऊ? बाबांनी शब्द टाकलाय. मी परत टाकीत उतरलो तर गावात बाबांचं काय राहील?"

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? तू सांगायचंस. मी ओरडलो असतो, पण ऐकलं असतं."

जागृतीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला कोण सांगणार, बाबा?"

तिने निवडलेली पानं टोपलीत टाकली आणि पुढची जुडी सोडली. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने मीही एक काडी उचलली आणि तिच्यासारखी पानं खुडू लागलो. तिने माझ्या हातातली मुळं काढून घेतली.