आरशावरच्या गाद्या

"मानेत पाणी चाललंय माझ्या. आहे का इकडे कुणाचं लक्ष?" बेसिनमध्ये डोकं टाकून पडलेल्या बँकवाल्या काकू कुरकुरल्या.

लक्ष नव्हतंच. हात त्यांच्या केसांत आणि डोळे समोरच्या आरशावर, अशी माझी अवस्था. आरशावर भाचीने भुवयांच्या पेन्सिलीने दोन विद्यापीठं मांडली होती. एक जवळचं, एक दूरचं. फायनान्सच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन्हीकडून होकार आला होता आणि संध्याकाळपर्यंत एकाला कळवायचं होतं.

पार्लर आम्हा दोघी बहिणींचं. कात्री ताईची, रंग आणि बडबड माझी. मेहुणे गेल्यापासून घरात त्या मायलेकीच.

सकाळी आरशावर तीनच रकाने होते: शिक्षक, फी, पुढची नोकरी. दूरचं सरळ जिंकलं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"हवा धरली नाहीस," ताई टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाली.

हवेचा रकाना आला. तरी दूरचंच पुढे.

"वसतिगृहात गाद्या कशा असतील, देव जाणे," मी म्हटलं. मीही काही कमी नाही.

गाद्या आल्या. मागोमाग तिथलं पाणी आलं, कारण जड पाण्याने केस गळतात. शेवटी जवळचं एकदाचं अर्ध्या गुणाने पुढे सरकलं आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

काकू डोक्याला टॉवेल गुंडाळून आरशासमोर बसल्या. "माझं तोंड कुठे गेलं? हां, गाद्यांच्या मागे." मग त्यांनी सगळा हिशेब वाचला. "काय गं, उद्या लोकांचे पैसे गुंतवणार तू, आणि गादीला मास्तरांइतके गुण?"

भाची कानापर्यंत लाल झाली. "जवळचंही चांगलंच आहे, काकू. कळवूनच टाकते." तिने फोन उचलला.

तो सूर आमच्या ओळखीचा. 'छान झालेत हो केस' म्हणून जिन्यात रडणाऱ्या गिऱ्हाइकाचा. त्याच सुरापायी ताईने नियम केलाय: गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत कात्री उचलायची नाही. नवरा म्हणतो, मैत्रीण म्हणते, असलं काही चालत नाही. नवरीलासुद्धा तिने तासभर तसंच बसवून ठेवलंय.

"फोन ठेव," ताई म्हणाली. "बस खुर्चीत."

"केस नाही कापायचेत मला."

"बस म्हटलं ना."

ताईने ओल्या फडक्याने आरसा पुसला. गाद्या, हवा, पाणी, सगळ्याचा काळा राडा झाला. मग तिने लेकीच्या गळ्याशी एप्रन बांधला, अगदी गिऱ्हाइकाला बांधते तसा.

"बोला. काय हवंय?"

"मावशी म्हणते की..."

"मावशी खुर्चीत बसलेली नाही."

"काकूंना विचार, अर्ध्या गुणाने का होईना..."

"मला मध्ये ओढू नकोस," काकू म्हणाल्या. एक थेंब त्यांच्या नाकावरून ओघळला; त्यांनी पुसलासुद्धा नाही.

पोरीने आरशात वर पाहिलं. त्या राड्यातून मागे उभी असलेली आई दिसत होती, रिकाम्या हातांची.

"दूरचं," ती म्हणाली. "मला दूरच्याच विद्यापीठात जायचंय, आई. तू एकटी पडशील, तरीही."