गोजरबाईंची डबल जास्वंद

गोजरबाईंनी त्या जास्वंदीला काय कमी जपलं! पैठणहून एसटीत मांडीवर बसवून आणलेलं रोप. नळाला पाणी आठवड्यानं येणार, तरी तांदूळ धुतलेलं पाणी आधी तिला. फुलं डबल पाकळीची, लालभडक. पण बाईंच्या नशिबी बघायची नव्हती. उजाडायच्या आत शेजारच्या सुलेखाबाई भिंतीवरून काठीची आकडी टाकायच्या अन् गणपतीसाठी सगळं झाड ओरबाडून न्यायच्या.

बरं, याच सुलेखाबाईंनी घरभरणीची खीर झाकणही न उघडता परत पाठवलेली. बुद्धवंदना झाल्यावर साऱ्या गल्लीला वाटलेली खीर हो! चहाला बोलवलं की, "आत्ताच झाला." गोजरबाई काय दूधखुळ्या नव्हत्या. जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या. कुणाचं नाक कशानं मुरडतं, ते त्यांना बरोबर कळायचं.

त्या दिवशी संकष्टी होती. गोजरबाई पहाटेच झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. आकडी आली, तशी त्यांनी गच्च धरली.

"अगं बाई! सोडा ना," पलीकडून सुलेखाबाई ओरडल्या. "देवासाठी चार फुलं तोडली, तर एवढं काय त्यात?"

"काहीच नाय. फाटकातून या. चहा टाकलाय. घ्या, अन् मग लागतील तेवढी न्या."

"आज उपास आहे हो."

"उपासाला चहा चालतो. काल भाजीच्या गाड्यावर तुम्हीच सांगत होता."

सुलेखाबाई आल्या. न येऊन करतात काय? पुढ्यात कप आला. त्यांनी एकदा कपाकडं पाहिलं, एकदा गल्लीकडं. चहावर साय धरली, तरी हात काही पुढं होईना.

"माझं फूल तुमच्या देवाला चालतं," गोजरबाई म्हणाल्या, "अन् माझा चहा तुम्हाला नाय? देवापेक्षा मोठ्या झाल्या का हो तुम्ही?"

सुलेखाबाई ताडकन उठल्या अन् चालत्या झाल्या. गोजरबाईंना लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? ही बाई एक घोट तरी घेईल, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

ऊन वर आलं तसं झाड फुललं. अख्खं झाड! गोजरबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी सगळ्यांत मोठं फूल खुडलं अन् अंबाड्यात खोचलं. नवरा गेल्यापासून केसांत फूल माळलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून. पिशवी घेतली अन् गुलमंडीला खरेदीला निघाल्या. जाताना मुद्दाम सुलेखाबाईंच्या दारावरून गेल्या, अगदी सावकाश.