आईचं करणारा

"मान हलवलीस तर भांग वाकडा येईल. मग मला बोलू नकोस."

आई अर्ध्या तोंडानं हसली. झटका आल्यापासून उरलेलं अर्धं हसत नव्हतं, आणि उजवा हात तर असून नसल्यासारखाच. चिमण तिच्यामागे पलंगावर मांडी घालून, दातांत रबर धरून वेणी घालत होता. वय चौदा. आधी त्याची वेणी केरसुणीसारखी व्हायची. आता शेजारणी विचारायच्या, कुणी घातली गं?

बाप ट्रकवर. घरी कधी असला तर असला. कामाला ठेवलेली बाई चार दिवसांत पळाली, तेव्हापासून आईला पुसणं, लघवीला भांडं देणं, गाऊन बदलणं सगळं चिमणच करायचा. पहिल्या दिवशी दोघांनीही डोळे मिटून घेतले होते. मग आईच तुटक तुटक म्हणाली, "तुझं... मी केलं. आता... तू कर." विषय तिथंच मिटला.

महिनाभरासाठी आत्या राहायला आली आणि दारातच थबकली.

"दादा, अरे मिसरूड फुटलंय त्याला! आणि आईचे कपडे बदलतोय? हे काय पुरुषाचं काम आहे?"

बाप इतके दिवस गप्प होता, कारण त्याची सोय होत होती. आता तो मान खाली घालून म्हणाला, "खरंय. सुट्टीत ट्रकवर नेतो त्याला. जरा हात काळे होऊ देत."

आई सगळं ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमण नळावर आईचा गाऊन पिळत होता, तेव्हा गल्लीतली पोरं बोलवायला आली.

"काय नर्सबाई, ड्युटी संपली का?" एक जण म्हणाला, आणि सगळी खिदळली. चिमणनं गाऊन बादलीत टाकला, वर टमरेल पालथं घातलं.

दुपारी आत्या बाजारात गेली होती. पोरं पुन्हा दारात उभी. आतून हाक आली, "चिम... भांडं."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

"आत्या येईल आत्ता!" तो तिथूनच ओरडला, आणि त्यांच्यासोबत पळाला. मैदानावर कारण नसताना दोघांना ढकललं, एकाशी मारामारी केली. "आज भलताच पेटलाय हा," पोरं कौतुकानं म्हणाली.

परतला तेव्हा चादर बादलीत भिजत होती. आईचं तोंड भिंतीकडे. तो चुळबुळत उभा राहिला. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती समजुतीनं म्हणाली, "असू दे रे. पोराची जात. तुझ्याकडून कशी अपेक्षा ठेवायची?"

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी त्यानं पाणी कोमट केलं, पंचा खांद्यावर टाकला आणि आईपाशी गेला. आईनं डाव्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"आत्याला... हाक मार."

"आई, मी करतो ना. काल चुकलं माझं."

तिनं चादर सोडली नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला पाय धरता आले असते. परक्या माणसासमोर आक्रसावं तशी ती आक्रसली होती.

"मोठा... झालास," ती म्हणाली.

त्यानं आत्याला हाक मारली. आत्यानं त्याच्या हातातलं पातेलं घेतलं, पंचा घेतला आणि दार लावून घेतलं.

चिमण बाहेर उभा राहिला. बाप पायरीवर बूट घालत होता. आतून आईचं कण्हणं ऐकू आलं.

"आत्या," तो दाराला तोंड लावून म्हणाला, "आधी तिचा उजवा हात उशीवर घे. खांद्यात दुखतं तिला."

थोड्या वेळानं पंचा पिळल्याचा आवाज आला.