सोळा मात्रांचा कागद

माझ्या धाकट्या भावाच्या हातून बत्तीस वर्षांत एकच चूक झाली. औषधांच्या दुकानात चिठ्ठी वाचून औषध काढून देण्याचे त्याचे काम, आणि मोजमापात तो इतका काटेकोर, की बरोबरीचे लोक त्याला थेंबमोजे म्हणत. एके दिवशी चिठ्ठीवरचा दशांशाचा एक बारीकसा ठिपका त्याच्या नजरेतून निसटला आणि एका वृद्धेला दहापट मात्रेचे औषध गेले. ती वाचली. पंधरा दिवसांनी रुग्णालयातून आपल्या पायांनी घरी गेली. मालक याला एक शब्दही उणाअधिक बोलला नाही. परंतु याने दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवली, लग्न केलेले नसल्यामुळे मागे कोणी पुसणारे नव्हते, आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहिला.

आला तो जणू आवाज बाहेरच ठेवून आला. जेवायला बोलावले की येई, ताट स्वच्छ करी, आणि परत जाऊन दाराची कडी लावी. माझ्या पत्नीला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. त्या आठवड्याच्या डबीत वार पाहून भरण्याचे काम मात्र त्याने आपणहून घेतले. तेवढ्यापुरता त्याचा जुना चेहरा परत येई, म्हणून आम्ही दोघांनीही ते त्याच्याकडून काढून घेतले नाही.

दोन महिने असे गेल्यावर त्याची बोटे हलू लागली. ताटाच्या कडेवर, पाण्याच्या भांड्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर. दोन वेळा सावकाश, एकदा झटक्याने, मग थांबून पुन्हा. पत्नी त्याला म्हणाली, की भावोजी, ताटाला भोक पडेल, दुसरे आणावे लागेल. तो ओशाळून हसला आणि हात मांडीखाली घेऊन बसला. दुपारी त्याच्या खोलीतून मऊ, दबके ठोके ऐकू येत. भिंतीला कान लावला की थांबल्यासारखे वाटत आणि कान काढला की पुन्हा सुरू झाल्यासारखे. चौदा वर्षांनी लहान असलेला हा भाऊ, ज्याला मी पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवले, त्याच्या दारावर साधी टकटक करायला मी धजत नव्हतो.

गुरुवारी तो अंघोळीला गेला असताना धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायला म्हणून मी त्याच्या खोलीत गेलो. उशीपाशी एक वही उघडी होती. दुसऱ्याचे लिखाण वाचू नये हे मी जन्मभर शिकवत आलो. पण त्याचे अक्षर इतके सुवाच्य, की डोळ्यांनी ते वाचून टाकले आणि मन नंतर पोहोचले. दुकानातल्या नोंदवहीत लिहावे तसे आखून, ओळीखाली ओळ लिहिले होते :

सोळा मात्रा. पहिली, पाचवी, नववी, तेरावी जड. वेग नव्वद, मग हळूहळू एकशेवीस. बारावीनंतर ठोके विरळ. सोळावीनंतर पूर्ण शांत. शनिवारी सगळे एकत्र करून शेवट.

घड्या माझ्या हातातच राहिल्या. अंघोळीच्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता आणि तो थांबू नये असे मला वाटत होते, कारण तो थांबल्यावर भाऊ बाहेर येईल आणि मला त्याच्याकडे पाहावे लागेल.

बाहेर येऊन मी प्रथम औषधांचे कपाट उघडले. भाऊ आल्यापासूनच्या बिलांवरून पत्नीच्या गोळ्यांचा दिवसवार हिशेब धरला आणि कपाटातल्या मोजल्या. अकरा कमी होत्या. पुन्हा मोजल्या. थेंबमोज्याच्या ताब्यातल्या कपाटात अकरा गोळ्या चुकून कमी होत नाहीत. उरलेली सर्व पाकिटे मी माझ्या टेबलाच्या खणात घालून कुलूप लावले. पण भय कुलपाबाहेर असलेल्या अकरांचे होते.

विचारावे, असे शंभर वेळा मनात आले. विचारले आणि त्याने शांतपणे होय म्हटले तर पुढचे वाक्य कोणते बोलायचे, हे मला सुचत नव्हते. न विचारता लक्ष ठेवावे, तर दाराला आतून कडी. पत्नीला सांगावे, तर गोळ्या तिच्या, हृदयही तिचे. तिने मला दोनदा विचारले, की चहाचा कप असा दोन्ही हातांनी काय धरला आहे. मी म्हटले, वय झाले. ती म्हणाली, "काल नव्हतं झालं?"

शुक्रवारी मी त्याला माझ्यासोबत बाहेर चल म्हटले, त्याने नको म्हटले. संध्याकाळी मी शनिवारची पत्नीची तपासणी पुढे ढकलण्याची गोष्ट काढली. तेव्हा ताटावरून मान वर करून भाऊच बोलला, आणि कित्येक आठवड्यांत तो इतके सलग बोलला नव्हता. तपासणी चुकवू नये, दोघांनी निवांत जाऊन यावे, घाई करू नये, त्यालाही जरा मोकळे घर हवे आहे. पत्नीला त्याचे बोलणे ऐकून आनंद झाला. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

शनिवारी अकराच्या सुमारास दवाखान्याच्या बाकावर पत्नीला बसवले, तिचा क्रमांक नववा होता. जुने अहवाल घरी राहिले असे सांगून मी उठलो. तिने पिशवी उघडून अहवाल दाखवले. मी म्हटले, याच्याही आधीचे. "याच्या आधी मी आजारी नव्हते," ती म्हणाली. पण तोवर मी दाराशी पोहोचलो होतो. दहा मिनिटांची वाट मी किती वेळात चाललो ते ठाऊक नाही. फक्त इतके स्मरते, की पावले नकळत त्याच कागदाप्रमाणे पडत होती, पहिले जड, पाचवे जड, आणि ती तशी पडू नयेत म्हणून मी मध्येच धावत होतो.

घरात शांतता होती. त्याच्या दाराला कडी. मी हाक मारली. बोटांनी वाजवले, मग मुठीने, मग दोन्ही हातांनी. सत्तरीच्या माणसाने दार खांद्याने उघडायचा यत्न करू नये, तोही केला. आतून काही नाही. कान लावला तेव्हा तो मऊ ठोका ऐकू आला, एक, आणि बऱ्याच वेळाने दुसरा. विरळ. मला वहीतली ती ओळ आठवली.

मागच्या सज्जातून त्याची खिडकी लागते. तिथवर भिंत धरून गेलो आणि तावदान ढकलले. तो पलंगावर मांडी घालून बसला होता. डोळे मिटलेले, मान खाली, अंग मागेपुढे हेलकावत होते. मी त्याचे लहानपणीचे नाव घेऊन ओरडलो. त्याने ऐकले नाही. तेव्हा माझ्या पायातली चप्पल मी काढली आणि खिडकीतून त्याच्या अंगावर फेकली. आयुष्यात प्रथमच.

तो दचकून उठला. त्याच्या कानांवरून एक काळी वस्तू घरंगळली आणि खोलीत झांजेसारखा बारीक नाद पसरला.

कडी काढून त्याने मला आत घेतले आणि खुर्चीवर बसवले. मला पाणी हवे होते, पण ते आणायला त्याला खोलीबाहेर जाऊ देण्याची माझी तयारी नव्हती. पलंगावर दोन तळहातांएवढी एक चपटी पेटी होती. तिच्यावर रबराची सोळा बटणे, चार-चारांच्या ओळींत, आणि त्यांच्यातून एक तांबडा दिवा एकेक घर ओलांडत फिरत होता. तिला ड्रम मशीन म्हणतात, बॅटरीवर चालते, असे त्याने मान खाली घालून सांगितले. माझ्या मुलीने मागच्या भेटीत त्याला ती गुपचूप दिली होती. बटण दाबावे तो ठोका त्या घरात बसतो. जड ढोलाचा, कोरडा काठीचा, झांजेचा. सोळा घरे भरली की पुन्हा पहिले. वेग वाढवता येतो. चार-पाच तुकडे एकापुढे एक जोडता येतात. मी विचारले, हे लपवायचे कशाला. तो म्हणाला, "ती म्हातारी बाई माझ्यामुळे पंधरा दिवस खाटेवर होती, दादा. आणि हा घरात बसून ताल धरतोय, असं लोकांनी म्हणायचं?"

मी वही उचलून ते पान त्याच्यापुढे धरले.

"हे काय आहे?"

"गाणं."

"आणि मात्रा?"

त्याने आधी पानाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा पाहून त्याला सारे कळले असावे, कारण तो हसू लागला, अगदी पोटातून. "मात्रेचे अर्थ तुम्हीच मला शिकवलेत ना? वृत्तातली वेगळी, अक्षरावरची वेगळी, तालातली वेगळी. एक चुकला की छडी. आणि तुम्हांला कंपाउंडरचीच तेवढी आठवली?"

मीही हसलो. खरे आहे, चाळीस वर्षे मी फळ्यावर त्या शब्दाचे अर्थ मांडले आणि भीतीने त्यांतला एकच शिल्लक ठेवला. हसताना माझे डोळे भरले. आणि तसेच हसता हसता मी म्हटले, "तुझ्या वहिनीच्या अकरा गोळ्या कमी आहेत."

त्याचे हसू उतरले. तांबडा दिवा दोन फेऱ्या फिरला. मग त्याने उशीखालून चष्म्याचे घर काढले आणि माझ्या हातात दिले. मी ते उघडले नाही. त्याच्या वजनावरून मला कळले.

आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने त्या बाजूला काढल्या होत्या. मग ही पेटी आली. रोज उठल्यावर तो स्वतःला म्हणे, की कालचा तो एक ठोका नीट बसत नाही, तेवढा बसवू, मग पाहू. एक बसला की दुसरा ढळे. असे दीड महिना चालले. हे सर्व त्याने औषध कसे घ्यावे हे गिऱ्हाइकाला सांगावे, तशा समजावणीच्या स्वरात सांगितले.

"आज शेवट लिहिला आहेस," मी म्हटले.

"गाण्याचा."

"गाणं पुरं झाल्यावर?"

त्याने माझ्या हातातल्या चष्म्याच्या घराकडे पाहिले. चप्पल फेकलेला माझा उघडा पाय गार पडला होता. मला तोवर वाटत होते, की मी उगीच घाबरलो. मी उगीच घाबरलो नव्हतो. फक्त चुकीचा कागद वाचून घाबरलो होतो.

मी म्हटले, मला ऐकव. त्याने ते कानांवरचे काळे यंत्र, म्हणजे हेडफोन, माझ्या कानांवर बसवले, मलमपट्टी केल्यासारखे हलक्या हाताने. ताल सुरू झाला. मला संगीत कळत नाही, परंतु लघु-गुरूचा कान आहे. ते चोख होते. पहिले जड, पाचवे जड, मधल्या जागा रिकाम्या ठेवण्यातही एक विनय होता. वेग वाढत गेला, मग ठोके एकेक करून गळू लागले. आता संपणार हे मला कळले, आणि त्याच्यापुढे काय आहे तेही. आधाराला काहीतरी धरावे म्हणून माझा हात पुढे गेला आणि पेटीवर पडला. तो कापत होता. एक ढोल भलत्याच ठिकाणी वाजला, त्याच्यामागून दुसरा, झांज, आणखी एक.

भावाने घाईने कानांवरचे यंत्र काढून आपल्या कानाला लावले. त्याच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखतो. चिठ्ठीवर अस्पष्ट अक्षर दिसले की ती पडे.

"ध्वनिमुद्रण चालू होतं, दादा. तुमचा हात आत गेला."

"मग?"

"मग काय, चौदावी मात्रा चुकीच्या जागी पडलीय. अकरावीवर दोन आहेत. शेवटचा सगळा तुकडा बिघडला."

मी क्षमा मागितली. तसाच राहू दे, असेही म्हणून पाहिले.

"तसा कसा राहू देऊ?" तो चिडून म्हणाला. "चुकलेलं दिसतंय आणि ठेवून द्यायचं?"

सोमवारी दोघांनी डॉक्टरांकडे जायचे, आपण होऊन, आणि मी आत सोबत बसायचे, हे मी सांगितले तेव्हा त्याने होकार दिला. पण त्याचे लक्ष पेटीवर होते. एकेक घर ऐकून, बिघडलेले पुसून पुन्हा भरायला किती वेळ लागेल, असे मी विचारले. आज तर नाहीच, तो म्हणाला, उद्याही कदाचित नाही.

दवाखान्यात नववा क्रमांक केव्हाच पुकारून झाला असणार. भाऊ पेटीवर वाकून अकरावे घर पुन्हा पुन्हा ऐकत होता, आणि मी खुर्चीवरून उठलो नाही.