बोलणारं टाकं

अबू गस्सानच्या अंगणात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. काळे रुमाल बांधलेल्या ग्रीक म्हाताऱ्या होत्या, तुर्कस्तानची बसभर मंडळी होती, आणि किनाऱ्याकडची एक ज्यू बाई आपल्या सुनेला पुढे ढकलत होती. जेरुसलेमला येणारा माणूस एरवी आपापल्या देवाच्या दारी जातो आणि दुसऱ्याच्या दाराकडे ढुंकून बघत नाही. इथे मात्र तिन्ही धर्मांची एकच रांग लागली होती, आणि रांगेच्या टोकाला एका जुन्या टाक्याचं दगडी तोंड होतं. ते टाकं बोलत होतं.

खरंच बोलत होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं. एका तुर्की म्हाताऱ्याने वाकून काहीतरी विचारलं, अंगण चिडीचूप झालं आणि खालून, जमिनीच्या पोटातून, घोगरा आवाज आला, "धीर धर." माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? मी नासरेतच्या शाळेत विज्ञान शिकवते, तरी आला.

"बघितलंत!" अबू गस्सान ओरडला. आमचा हा शेजारी पूर्वी गाइड होता, त्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतंच. "या टाक्याचं पाणी मुसा पैगंबर प्यायला, दाऊद प्यायला, मरियमने आपल्या लेकराला पाजलं!"

"मुसा या शहरात कधी आलाच नव्हता," मी मोठ्याने म्हटलं. "तिन्ही धर्मांच्या पोरांना हे शाळेत शिकवतात."

"अगं विदाद, त्याचं पाऊल नसेल आलं, पण तहान आली होती ना!" तो म्हणाला. सगळे हसले.

गंमत अशी की टाकं बोलायचं फक्त अरबी, आणि भाषांतर करायचं अबू गस्सानने. खालून 'धीर धर' एवढंच यायचं. वर हा गृहस्थ त्याचं ग्रीकमध्ये लांबलचक प्रवचन करायचा, आणि म्हाताऱ्या डोळे पुसायच्या.

मग माझी आई, आमची यम्मा, पुढे आली. शेजारीण म्हणून तिला रांग नव्हती. भिंतीला हात लावत, चाचपडत आली.

"माझा सामिह कसा आहे?" तिने टाक्यात तोंड घालून विचारलं.

सामिह माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांमागे तो कामासाठी होडीतून युरोपला निघाला, आणि त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता.

"तुझा फुस्तुक जिवंत आहे," आवाज आला. "दार उघडं ठेव."

यम्माचा चेहरा उजळला. मी मात्र थिजले. फुस्तुक म्हणजे पिस्ता. लहानपणी त्याने नाकात पिस्ता कोंबून घेतला होता, तेव्हापासूनचं त्याचं हे नाव. घराबाहेर कुणालाही ते माहीत नव्हतं. लाज वाटायची त्याला.

मी माहेरी आले होते ती भांडायलाच. यम्माला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की लगेच ऑपरेशन केलं नाही तर नजर जाईल, आणि गेलेली परत येणार नाही. पण ती घर सोडायलाच तयार नव्हती. माझ्या बाळंतपणालासुद्धा आली नाही.

"दवाखान्यात पडून राहिले आणि तेवढ्यात तो दारात आला तर?" ती म्हणायची.

"आणि आला तेव्हा तुला दिसलाच नाही तर?"

"हात फिरवून ओळखीन. माझं पोर आहे." मग ती याबांकडे, माझ्या वडिलांकडे, वळायची. "तुम्ही सांगा हिला. टाकं खोटं बोलेल का?"

याबा मान खाली घालून पाव मोडत बसायचे. जेवण झालं की टोपी घालायचे आणि "कट्ट्यावर जाऊन येतो" म्हणून निघायचे.

आता हे टाकं बोलतं कसं, यात मला गूढ असं काही वाटत नव्हतं. आमच्या गल्लीत प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं आहे, आणि पूर्वीच्या लोकांनी ती आतून एकमेकांना जोडलेली आहेत. लहानपणी माझा चेंडू अबू गस्सानच्या टाक्यात पडला, तो आमच्या बादलीतून वर आला होता. पुढे नळ आले, टाकी बंद झाली आणि लोक विसरून गेले. म्हणजे शेजारच्या कुठल्यातरी टाक्यात माणूस उतरतो आणि भोकाशी तोंड नेऊन बोलतो. दगडी पोकळीत आवाज असा घुमतो की सख्ख्या बायकोलाही ओळखू येऊ नये. प्रश्न एवढाच होता, उतरतं कोण? आमचं टाकं जिन्याखालच्या खोलीत, आणि तिला तर याबांनी कुलूप घातलं होतं. उंदीर झालेत म्हणाले. मीही मान डोलावली. विज्ञान शिकवते म्हणे!

उन्हाळा सरत आला होता, टाक्यांत घोट्याएवढंच पाणी उरलं होतं. विहिरीत टाकतात ते जांभळ्या औषधाचे खडे मी शाळेतून मागवले, पोटॅशियम परमँगनेटचे. येणारे लोक टाक्यात फुलं टाकायचे, तशीच मी खड्यांची पुरचुंडी टाकली. तेच पाणी जोडलेल्या सगळ्या टाक्यांत फिरतं; त्यात जो उभा राहील त्याच्या कातडीला तपकिरी डाग पडतील आणि साबणाने निघणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या पुरुषांचे पाय न्याहाळत हिंडले. अबू गस्सानचा पुतण्या, खाटीक, इस्त्रीवाला, सगळ्यांचे पाय जन्मतःच असतात तसे होते. कंटाळून घरी आले तर याबा नमाजाआधी नळावर पाय धूत होते. धूत कसले, दगडाने खरवडत होते. घोट्यापर्यंत दोन्ही पाय नव्या नवरीच्या मेंदीसारखे रंगलेले.

"याबा," मी म्हटलं.

त्यांनी पाय झाकायची धडपड केली. मग ती सोडून दिली आणि नळाशीच बसले.

"त्याच्याबरोबरच्या पोराचा फोन आला होता, वर्षापूर्वी," ते हळूच म्हणाले. "होडी उलटली. त्याच्या डोळ्यांदेखत सामिह बुडाला."

"वर्षापूर्वी? आणि तुम्ही..."

"तुझ्या आईला कसं सांगू? ती झोपत नव्हती, जेवत नव्हती. अबू गस्सान म्हणाला, एक वाक्य टाक्यातून बोल, निदान झोपेल तरी. झोपली गं! त्या रात्री पोटभर जेवली. मग तो म्हणाला, आता माझ्या गिऱ्हाइकांशीही बोलायचं, नाहीतर तुझ्या बायकोला सगळं सांगतो."

"आणि मला? मला का नाही सांगितलंत? मी रोज फोनवर विचारत होते, सामिहची काही खबर? आणि तुम्ही म्हणायचात, येईल!"

मी रडले ती आधी भावासाठी नाही. माझ्या बापाने मला फसवलं म्हणून रडले. परक्याने फसवलं तर शिव्या देता येतात. यांना काय देणार?

यम्मा दारात आली होती. "काय झालं गं? कुणाचे पाय?" तिला ते दिसतच नव्हते.

"उद्या सांगतो," याबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यम्मा नेहमीसारखी टाक्यात वाकली. "माझा सामिह कसा आहे?"

मग आवाज आला, घोगरा केलेला नाही, साधा, घरातला. "हलीमा, मी बोलतोय. मी, तुझा नवरा. आपल्या जिन्याखाली उभा आहे. आपला सामिह बुडाला. वर्षापूर्वीच गेला. मला माफ कर."

अबू गस्सान गडबडला, पण वर्षाची सवय! त्याने हात पसरले आणि यात्रेकरूंमुळे मला थोडीफार कळते त्या ग्रीकमध्ये सुरू केलं की टाकं सांगतंय, या माउलीचा मुलगा लवकरच परत येणार आहे. म्हाताऱ्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. माझी आई टाक्याच्या कडेला कोसळलेली, आणि लोक टाळ्या वाजवतायत.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "बंद करा!" मी ओरडले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं काय ते सांगितलं आणि त्या सगळ्यांना आमच्या घरात नेलं. जिन्याखालची खोली दाखवली, टाक्याचं झाकण काढलेलं दाखवलं. तळातून एक म्हातारा शिडीने रडत वर आला, त्याचे रंगलेले पाय दाखवले. एका ग्रीक बाईला खाली उतरवलं आणि मी स्वतः अबू गस्सानच्या अंगणात जाऊन तिच्याशी टाक्यातून बोलले. एक तुर्की म्हातारा आपली टोपी हातात घेऊन बघत राहिला. अबू गस्सान म्हणत होता, "अहो, पण दिलासा तर मिळत होता ना लोकांना?" संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं.

यम्मा तीन दिवस शोकाला बसली. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "चल, डोळे दाखवू."

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. उजवा डोळा कायमचा गेला होता. वर्षभर आधी आला असतात तर दोन्ही वाचले असते, म्हणाले, डाव्याचं बघू. याबा तिच्या शेजारी बाकावर बसले होते. त्यांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने तो काढून घेतला.

"मला दुखू नये म्हणून खोटं बोललात," ती म्हणाली. "खरं सांगितलं असतंत तर रडले असते. पण रडायला दोन्ही डोळे तर असते!"

ती उठली आणि माझा हात धरून बाहेर निघाली.

म्हणून हे लिहितेय. दगड बोलत नाही, पाणी बोलत नाही. बोलतो तो माणूसच, आणि त्याला कुठूनतरी खाली उतरावं लागतं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे कोण करतंय आणि का करतंय. उत्तर घरातच सापडेल या भीतीने विचारायचं थांबू नका. तेवढ्यात एक डोळा जातो.