आखूड डबा

कॅन्सासहून नागपूरला येताना देवीलालनं ते खोकं कुणाच्या हाती दिलं नाही. विमानात बसल्यावर हवाईसुंदरीनं सांगितलं म्हणून त्यानं ते वरच्या कप्प्यात ठेवलं खरं, पण पट्टा सोडायची परवानगी मिळाली की हा उठायचा, कप्पा उघडायचा आणि खोकं जागेवर आहे ना ते बघून पुन्हा बसायचा. शेवटी शेजारी बसलेली त्याची बायको सुखीबाई वैतागली.

"पिल्लं हायेत काय त्यात? बसा ना गुमान!"

देवीलाल राठोड पांढरकवड्याजवळच्या तांड्यावरचा. उभी हयात नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रेलर चालवण्यात गेली. मग डाव्या गुडघ्यानं क्लच दाबायला नकार दिला आणि तो घरी बसला. घरी बसणं त्याला येतच नव्हतं. त्याची मुलगी बबिता कॅन्सासमध्ये नर्स आहे. तिला मुलगी झाली तेव्हा दोघं नवरा-बायको काही महिने तिकडे जाऊन राहिले. सुखीबाईला बाळ होतं, बाळंतीण होती. देवीलालला काहीच नव्हतं. पण घरामागं, गव्हाच्या वावरापलीकडून, रेल्वेची लाईन जायची. तिच्यावरून मालगाड्या धावायच्या, त्या इतक्या लांब की इंजिन नजरेआड झालं तरी शेपूट यायचं बाकी असायचं. देवीलाल कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचा. त्या बंद डब्यांत काय भरलं असेल? कोण भरत असेल, कुठं उतरवत असेल? जन्मभर माल वाहिलेला माणूस तो, त्याला हे प्रश्न पडणारच. जावयाला विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, मी तं कधी तिकडे पाह्यलंच नाई."

शेजारच्या घरात लॉर्ना नावाची म्हातारी एकटी राहायची. ती रोज देवीलालला बघायची, हात हलवायची. निघायच्या आदल्या दिवशी ती ते खोकं घेऊन दारात उभी राहिली. आत खेळण्यातली म्हणावी तर फारच हुबेहूब अशी मालगाडी होती: इंजिन, रूळ आणि बोटभर रुंदीचे, चांगले लांबलचक आठ तपकिरी बंद डबे. गाडी तिच्या वारलेल्या नवऱ्याची, वॉल्टरची. तिचं बोलणं बबितानं समजावून सांगितलं. "बा, ती म्हनते, वॉल्टर गेल्यापासून गाडीकडे एवढं मन लावून पाहनारे तुमीच दिसले."

घरी आल्यावर देवीलालनं समोरच्या खोलीत प्लायचं टेबल बसवून घेतलं. तिकडचा ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेवर चालत नाही म्हणून जावयानं वेगळा कन्व्हर्टर दिला होता, तो भिंतीला ठोकला. एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला सुखीबाईच्या तुरीची पोती. मधे उरली तेवढी जागा टेबलाला. त्यामुळं रूळ चांगलेच आवळून वळवावे लागले. गाडी सुरू केली. इंजिन वळणावरून झोकात गेलं आणि त्याच्या मागचा डबा रुळावरून उतरून आडवा झाला. उचलून ठेवला, पुन्हा आडवा. दुसरा लावला, तोही तसाच.

देवीलालनं टेबलाच्या काठाला गाल टेकवला आणि एक डोळा मिटून बघितलं. हे त्यानं हैदराबादच्या वाटेवरच्या घाटात हजारदा अनुभवलं होतं. लांब गाडी वळणावर आली की तिचं पोट आतल्या अंगाला येतं आणि टोकं बाहेर फेकली जातात. इथं टोकं बाहेर गेली की डबे जोडणारं कपलिंग आडवं ओढलं जात होतं आणि चाक उचलत होतं.

"वळन मोठ्ठं पाहिजे," तो म्हणाला. "हे पोते जरा तिकडे सरकवले तं..."

"पोते सरकनार नाई," सुखीबाई म्हणाली. "तुमची गाडी सरकवा."

मग त्यानं एकेक डबा पाळीपाळीनं इंजिनाला लावून पाहिला. सगळे पडले. शेवटचा तेवढा पडला नाही. तो वळणावरून असा निघून गेला, जसा काही तो याच टेबलासाठी घडवला होता. देवीलालनं गाडी थांबवली, डबा उचलला, दुसऱ्या डब्याला चिकटवून धरला. हा आखूड होता! रंग तोच, दार तेच, शिड्या त्याच, पण लांबी तीन-चार बोटं कमी. त्याला इंग्रजी वाचता येत नसलं तरी नंबरप्लेटा आणि पाट्या बघून अक्षरं ओळखता यायची. सगळ्या डब्यांवर एकच लांब नाव होतं. या डब्यावरच्या नावातली मधली दोन अक्षरं नव्हती.

त्यानं डबा दारात उन्हात नेला. दाराच्या पट्टीलगत, रंगाखाली, केसासारखी एक रेघ दिसली. नखानं चाचपली. कुणीतरी हा डबा कापला होता आणि पुन्हा जोडला होता.

त्या दिवसापासून देवीलालला दुसरं काही सुचेना. कसा कापला असेल वॉल्टरनं? जोड इतका सरळ कसा आला? आणि एकच का कापला? जेवताना घास हातात धरून तो मधेच थांबायचा. लॉर्नाला विचारणं सोपं होतं, बबिताला फोन लावायचा की झालं. पण विचारायचं म्हणजे आपल्यालाही उरलेले कापायचे आहेत हे सांगणं आलं. मेलेल्या माणसाची आठवण म्हणून दिलेल्या वस्तूवर आरी चालवायची, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं फोन लावला नाही.

आधी त्यानं टूथपेस्टच्या खोक्यावर हात बसवून पाहिला. मग मनाचा हिय्या करून एक डबा घेतला, दोऱ्यानं माप टाकलं आणि हेक्सा ब्लेडचा तुकडा टोकाशी लावला. सुखीबाई दिवाणावर बसून नातीसाठी घागरा लहान करत होती. कॅन्सासला पाठवायचा म्हणून तिनं काचा लावलेला आपला जुना घागरा उसवायला काढला होता.

"तिथून काहून कापून राह्यले?" तिनं मान वर न करता विचारलं.

"आखूड करायचा हाय ना."

"मंग काठ कापते काय कोनी? सारी कलाकुसर तं काठाले असते. मधातून घ्या."

देवीलालनं ब्लेड खाली ठेवलं. खरंच की. टोकाला शिडी होती, ब्रेकचं इवलंसं चाक होतं, तिथंच चाकांचा सांगाडा बसायचा. आखूड डबा पुन्हा उन्हात नेऊन बघितला. त्याची दोन्ही टोकं शाबूत होती. दाराच्या अलीकडं एक जोड, पलीकडं एक जोड, आणि दोन्ही बरोबर पत्र्याच्या उभ्या पट्टीवर, जिथं रेघ असली तरी रेघ वाटू नये.

पहिला डबा तरीही बिघडला. जोडताना अर्धा सूत तिरपा बसला आणि टेबलावर ठेवला की लंगड्या बाकासारखा डुलायला लागला. दुसरा त्यानं काचेच्या तुकड्यावर उभा करून, दोन्ही बाजूंना जुन्या बॅटऱ्यांचा आधार देऊन जोडला. खालचा तळ वेगळा कापला आणि त्याचा जोड मुद्दाम वरच्या जोडापासून लांब घेतला, म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणी मोडू नयेत. पॉलिश पेपर मारला. डबा सरळ उभा राहिला. कपलिंग लावलं, गाडी सोडली. वळण पार! देवीलाल ओरडणारच होता, तेवढ्यात डबा सरळ रुळावर, काही कारण नसताना, टुणकन उडून पडला.

"आता काय झालं?" सुखीबाईनं विचारलं.

"थेच तं पाहून राह्यलो."

त्यानं एका हातावर आपला डबा घेतला, दुसऱ्या हातावर वॉल्टरचा. आपला पिसासारखा हलका होता. मग ध्यानात आलं. प्रत्येक डब्यात खाली लोखंडी पट्टी होती आणि कापल्यावर ती मावेना म्हणून त्यानं काढून टाकली होती. वॉल्टरनं काय केलं असेल? आखूड डब्याचा तळ त्यानं पेचकसानं हळूच उचकटला.

आत कापडाची पट्टी होती. पांढऱ्या कापडाची, बारीक टाक्यांनी शिवलेली. तिच्यात नाण्यासारख्या शिशाच्या चकत्या ओळीनं बसवलेल्या होत्या, एकेका चकतीला वेगळा खिसा. देवीलालनं ती सुखीबाईच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटीसुलटी केली, टाके निरखले.

"कोनं शिवलं हे?"

"वॉल्टरनं. त्याचाच डबा ना."

"हं," सुखीबाई म्हणाली आणि पट्टी परत दिली.

हायवेवरच्या टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगला लावतात ती शिशाची चिकटपट्टी देवीलालच्या ओळखीची होती. ती आणून त्यानं डब्याच्या पोटात लावली. मग मात्र डबा शहाण्यासारखा धावायला लागला. एकामागून एक त्यानं बाकीचे कापले. लंगडा झालेला पुन्हा उसवून सरळ केला. नावं तुटली ती तुटलीच. गाड्यांवर नावं चिकटवून देणाऱ्या रेडियमच्या दुकानातली प्रियंका म्हणाली होती, "काका, नवीन अक्षरं कापून देते," पण देवीलालनं नको म्हटलं. वॉल्टरच्या डब्यावरचं नावही तुटकंच होतं.

बबिताला मात्र त्यानं काही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉल आला की तो अंगणात जाऊन बोलायचा. काम चालू असतानाच एका रविवारी गुडघा जास्तच ठणकत होता म्हणून दिवाणावरूनच फोन घेतला आणि मागच्या टेबलावर चिरलेला डबा तसाच पडलेला.

"बा, मागं काय हाय थे?"

"कुठं काय?"

"थो डबा. तुमी कापला काय?" बबिताचा आवाज चढला. "बा, लॉर्ना मले दर भेटीत विचारते, गाडी चालते काय, गाडी चालते काय. तिले आता काय सांगू मी?"

देवीलालनं चिरलेला डबा उचलून पोत्यामागं ठेवला. बबिता म्हणाली, "मी नाई सांगनार. तुमीच सांगा. पुढच्या रविवारी तिले घेऊन बसते."

तो आठवडा देवीलालला जड गेला. रविवारी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन कपाटाला टेकवून समोर बसला. पडद्यावर बबिता, तिच्या शेजारी लॉर्ना. देवीलालनं हात जोडले आणि सरळच सांगून टाकलं. खोली लहान आहे, वळण आवळ आहे, डबे पडत होते. तुमच्या मालकानं एक कापलेला दिसला, म्हणून मीही कापले. न विचारता कापले, ही चूक झाली.

बबितानं ते इंग्रजीत सांगितलं. लॉर्ना एवढंच म्हणाली, "दाखवा."

देवीलालनं फोन टेबलाकडं वळवला आणि गाडी सोडली. आठही आखूड डबे वळणावरून, पोत्यांच्या कडेनं, दिवाणापुढून गेले आणि परत आले. मग फोनमधून हसू ऐकू आलं. म्हातारी तोंडावर हात धरून हसत होती आणि हसता हसता काहीतरी सांगत होती. बबिता तिच्याकडं बघतच राहिली.

"बा," ती म्हणाली, "थो डबा वॉल्टरनं नाई कापला. हिनं कापला!"

हकीकत अशी निघाली. वॉल्टरनं तळघरात रूळ टाकले होते आणि त्याला वळण मोठं करायचं होतं. त्यासाठी लॉर्नाचं कपडे धुवायचं मशीन हलवावं लागणार होतं. लॉर्ना म्हणाली, मशीन हलणार नाही. वॉल्टर म्हणाला, मग डबे पडत राहतील. तो कामावर गेला तेव्हा तिनं एक डबा घेतला, कापला, जोडला, रंगवला. हलका झाला म्हणून पडद्याच्या खालच्या दुमडीत घालतात त्या शिशाच्या चकत्या काढून शिवल्या. वॉल्टर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. बाकीच्या डब्यांना त्यानं हात लावू दिला नाही. पण त्यानंतर गाडी काढली की इंजिनामागं तोच डबा असायचा.

"मले टाका पाहूनच वाटलं व्हतं," सुखीबाई म्हणाली.

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी कुठं विचारलं?" तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "बबिता, तिले विचार, जोड सरळ यावा म्हनून काय केलं तिनं? याइचा पयला तं लंगडाच झालता."

लॉर्नानं हातवारे करून सांगितलं, सुखीबाईनं हातवारे करून विचारलं. बबिता मधे सांगायची राहिली तरी दोघींचं अडेना. देवीलाल गाडीचं बटण बंद करून चहा ठेवायला उठला.

तेव्हापासून रविवारचा फोन सुखीबाईचा झाला. असंच एकदा लॉर्नानं विचारलं, तुमच्याकडच्या मालगाड्या कशा दिसतात? सुखीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्याला सांगता येईना. आयुष्यभर तो रस्त्यानं गेलेला, फाटकावर ट्रेलर थांबला की इंजिन बंद करून झोप काढलेली. इथली मालगाडी त्यानं कधी धड बघितलीच नव्हती.

मग दोघं एसटीनं वणीला गेले. तिथून कोळशाच्या गाड्या निघतात. फाटकाजवळच्या बाभळीखाली सुखीबाई फोन धरून उभी राहिली, देवीलाल दगडावर बसला. गाडी आली ती काळी, धुरळ्यानं माखलेली, एकामागून एक उघडे डबे घेऊन. देवीलाल पुढं वाकून बघत होता, चाकं, कपलिंग, दोन डब्यांमधली फट. सुखीबाईनं शेवटच्या डब्यापर्यंत फोन हलवला नाही. गाडी गेल्यावर फाटकवाला फाटक उघडायला लागला, तशी ती त्याच्याजवळ गेली.

"काहून भाऊ, आपले डबे एवढे आखूड कायले केले असतीन? तिकडचे तं लय लांब असते."

फाटकवाल्यानं रुळाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मले नाई माहीत, मावशी. तिकडचे म्हनजे कुठचे?"

"अमेरिकेचे," देवीलाल म्हणाला आणि दगडावरून उठला. "दुसरी गाडी किती वाजता हाय?"